कलिंगातून नेलेली दीड लाख माणसे

अशोक विजयादशमीच्या भाषणांत कलिंगचे युद्ध, पश्चात्ताप आणि धम्म हे सगळे एका दमात सांगून होते. आम्हाला मध्ये थोडे थांबायचे आहे.

चंद्रगुप्त मौर्यांचे नातू आणि बिंदुसारांचे पुत्र सम्राट अशोक यांनी राज्याभिषेकानंतर आठ वर्षांनी, इ.स.पू. २६१ च्या सुमारास, कलिंग जिंकले. तेराव्या शिलालेखात हिशेब त्यांनी स्वतःच दिला आहे. एक लाख ठार झाले, दीड लाख धरून नेले आणि त्याच्या कितीतरी पट माणसे मेली. ज्यांना स्वतःला काही झाले नाही पण ज्यांचे मित्र, सोबती, नातेवाईक संकटात सापडले, त्यांचे दुःखही त्यांनी नोंदवले. समाजकार्यात आम्ही जे अर्ज भरतो, त्यांत या दुःखाला आजही रकाना नसतो.

पण धौली आणि जौगड इथे, म्हणजे खुद्द कलिंगात, हा लेख कोरलेला नाही. तिथे दोन वेगळे लेख आहेत. प्रजेला लेकरांसारखे मानावे, कुणाला विनाकारण कोंडू नये, छळू नये, असे अधिकाऱ्यांना बजावले आहे. तिष्य नक्षत्राच्या दिवशी ते वाचून दाखवायचे, ऐकणारा एकटा असला तरी. ज्यांच्या घरातली माणसे गेली त्यांच्यापुढे मेलेल्यांचे आकडे ठेवले नाहीत, हे आम्ही समजू शकतो.

नेलेल्या दीड लाखांना घरी परत पाठवल्याचा उल्लेख मात्र एकाही लेखात नाही. अशोकांबद्दल पूर्ण आदर ठेवूनही हे आम्हाला बोचते.