हिमभूमीचा वीर : थॉर्लीफ हाउग

आपल्याकडे मूल चालूं लागलें कीं तें अंगणांत धांवतें. नॉर्वे देशांत तें पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरावयास शिकतें. या पट्ट्यांस स्की असें म्हणतात. हिवाळ्यांत तेथील वाटा हिमाखालीं बुजून जात. म्हणून शेजारच्या गांवीं जाणें असो, कीं रानांतून लांकूड आणणें असो, स्कीवांचून गत्यंतर नसे. गरजेंतून निघालेली ही विद्या पुढें त्या लोकांचा राष्ट्रीय खेळ झाली. त्या खेळांतील एक अग्रणी थॉर्लीफ हाउग याचें अल्प चरित्र येथें सांगावयाचें आहे.

हाउगचा जन्म २८ सप्टेंबर १८९४ रोजीं ड्रामेन नगराजवळील लीएर येथें झाला. ओस्लो नगराजवळ होल्मेनकोलेन नांवाची टेकडी आहे. तेथील वार्षिक सामन्यांत विजय मिळविणें हा नॉर्वेमध्यें मोठा बहुमान समजतात. तेथील पन्नास किलोमीटरची शर्यत म्हणजे शरीराची आणि मनाचीही कसोटी. रानावनांतून, चढउतारांवरून तासन् तास एकट्यानें जावयाचें. श्वास जपावयाचा आणि धीर सोडावयाचा नाहीं. १९१८ ते १९२४ या सात वर्षांत हाउगनें ही शर्यत सहा वेळां जिंकली.

याहून कठीण असा एक जोडखेळ आहे. हाउगच्या काळीं त्यांत प्रथम दूरची दौड करावयाची असे आणि नंतर उंच उतारावरून हवेंत झेप घेऊन डौलानें खालीं उतरावयाचें असे. बायॅथलॉन या खेळांत वेगानें दौडत आलेल्या खेळाडूस लागलीच श्वास आवरून बंदुकीचा नेम साधावा लागतो. तसेच येथेंही दोन भिन्न गुण एकाच अंगीं असावे लागतात. दौडीस चिवटपणा हवा, तर उडीस निर्भयता आणि तोल. हाउगच्या ठायीं या दोहोंचा संगम झाला होता. होल्मेनकोलेन येथें या जोडखेळांतही १९१९ पासून सलग तीन वर्षें तोच विजयी ठरला.

१९२४ च्या जानेवारी महिन्यांत फ्रान्समधील शामोनी या गांवीं, माँ ब्लां पर्वताच्या पायथ्याशीं, हिवाळी खेळांचा सप्ताह भरला. यासच पुढें पहिला हिवाळी ऑलिंपिक सोहळा म्हणून मान्यता मिळाली. हाउगनें पन्नास किलोमीटरचें अंतर ३ तास ४४ मिनिटें ३२ सेकंदांत तोडून पहिलें सुवर्णपदक मिळविलें. त्याचाच देशबंधु थोराल्फ स्ट्रोमस्टाड दोन मिनिटांच्या आंत त्याच्या मागोमाग पोंचला. तीन दिवसांनीं अठरा किलोमीटरच्या शर्यतींत हाउग पुन्हां पहिला आला, आणि नंतर जोडखेळांतही त्यानें स्ट्रोमस्टाडला मागें टाकलें. एकाच सोहळ्यांत तीन सुवर्णपदकें! शिवाय केवळ उडीच्या स्पर्धेंत त्यास तिसऱ्या क्रमांकाचें कांस्यपदकही मिळालें.

या चौथ्या पदकाची कथा मात्र निराळी आहे. उडीच्या स्पर्धेंत हाउगच्या नांवावर १८.००० गुण मांडले गेले. चौथा क्रमांक अमेरिकेच्या अँडर्स हाउगेन याचा लागला. त्याचे गुण १७.९१६. हा हाउगेनही मूळचा नॉर्वेचाच, तरुणपणीं अमेरिकेस जाऊन स्थायिक झालेला. इतक्या अल्प अंतरानें तो रिकाम्या हातीं परतला.

पुढें दहा वर्षांनीं, १२ डिसेंबर १९३४ रोजीं, अवघ्या चाळिसाव्या वर्षीं फुप्फुसदाहानें हाउगचें देहावसान झालें. ड्रामेन नगरींत त्याचा पुतळा उभारण्यांत आला.

१९७४ सालीं शामोनीच्या सोहळ्यास पन्नास वर्षें झालीं. त्या निमित्तानें जुने कागद चाळतांना स्ट्रोमस्टाडच्या नजरेस आलें कीं, उडीच्या गुणांचा हिशेब चुकला आहे. हाउगचे खरे गुण १७.८२१ होते, अर्थात् तिसरा क्रमांक हाउगेनचा होता. चूक दाखविणारा हा हाउगचाच सहकारी होता, आणि हाउग तर आपली बाजू मांडावयास हयात नव्हता. तरीही सत्य झांकलें गेलें नाहीं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें चूक मान्य केली. ओस्लो येथें झालेल्या समारंभांत हाउगच्या कन्येनें तें कांस्यपदक, वयाची ऐंशी वर्षें ओलांडलेल्या हाउगेनच्या हातीं स्वतः दिलें.

विद्यार्थिमित्रहो, हाउगनें तें पदक कपटानें मिळविलें नव्हतें. चूक बेरीज करणाराची होती. तथापि जें आपलें नव्हे तें परत केल्यानें त्या घराण्याच्या कीर्तींत तिळमात्र उणेपणा आला नाहीं. हाउगचीं तीन सुवर्णपदकें अधिकच उजळलीं. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेंत शिक्षकांच्या हातून बेरीज चुकून आपणांस चार गुण अधिक मिळाले, तर ती पत्रिका घेऊन आपण त्यांच्याकडे परत जाऊं काय? ज्यास हें साधेल, त्याचा क्रमांक कितवाही येवो, तो शर्यत जिंकलाच म्हणून समजावें.