ॲकरमन कोण होता?

थिअरी ऑफ मशीन्सच्या व्हायवाला हमखास येणारा प्रश्न म्हणजे डेव्हिस आणि ॲकरमन स्टिअरिंग गिअरमधला फरक. उत्तर सगळ्यांचं पाठ असतं. डेव्हिसचं गणित अचूक, पण त्यात स्लायडिंग पेअर्स असल्यामुळे झीज लवकर होते आणि स्टिअरिंग ढिलं पडतं. ॲकरमनमध्ये फक्त टर्निंग पेअर्स, म्हणून गाड्यांमध्ये तो वापरतात. पण समजा एक्स्टर्नलने विचारलं, हा ॲकरमन कोण? माझ्या डोळ्यासमोर एक दाढीवाला जर्मन इंजिनिअर होता. जर्मन होता हे खरं. इंजिनिअर मात्र नव्हता, आणि ह्या स्टिअरिंगचा शोधही त्याने लावलेला नाही!

रुडॉल्फ ॲकरमनचा जन्म १७६४ सालचा, जर्मनीतल्या सॅक्सनीमधल्या श्टोलबर्ग गावचा. वडील घोड्यांची खोगिरं बनवायचे. ह्याला युनिव्हर्सिटीत शिकायचं होतं, पण घरी पैसे नव्हते. मग तोही खोगिराच्या धंद्यात शिरला आणि तिथून घोडागाड्यांकडे वळला. (ॲडमिशन हुकलेल्यांनी नोंद घ्यावी.) ड्रेस्डेन, बाझल, पॅरिस असं फिरत फिरत तो १७८७ च्या सुमारास लंडनला पोचला. तिथे लाँग एकर नावाच्या रस्त्यावर गाड्या बनवणाऱ्यांची वस्ती होती, तिथेच त्याने बस्तान बसवलं. त्याचा हात चालायचा तो ड्रॉइंगमध्ये. श्रीमंतांच्या गाड्यांची डिझाइन्स तो काढून द्यायचा. १८०५ मध्ये ट्रफाल्गरच्या लढाईत ॲडमिरल नेल्सन मेला, त्याच्या अंत्ययात्रेच्या गाडीच्या डिझाइनमध्येही ॲकरमनचा हात होता.

पण लंडनचे लोक त्याला ओळखायचे ते दुकानदार म्हणून. १७९५ मध्ये त्याने स्ट्रँड ह्या मोठ्या रस्त्यावर चित्रांचं दुकान आणि ड्रॉइंग स्कूल काढलं. फ्रेंच राज्यक्रांतीमुळे पळून आलेल्या खानदानी लोकांना त्याने शोभेच्या वस्तू बनवायचं काम दिलं. १८०९ पासून वीसेक वर्षं त्याने रंगीत चित्रांचं मासिक चालवलं. दुकानात गॅसचे दिवे लावणाऱ्या पहिल्या काही लोकांत तो होता. लिथोग्राफी म्हणजे दगडावरून छपाई, ती म्यूनिकला निघाली आणि इंग्लंडमध्ये रुजवण्यात ॲकरमनचा मोठा वाटा होता. थोडक्यात, कुठे काही नवीन निघालं की हा माणूस तिथे हजर! आणि ते विकायचं कसं, हेही त्याला कळायचं.

म्यूनिकमध्येच बव्हेरियाच्या दरबाराच्या गाड्या बनवणारा गेऑर्ग लांकेनश्पेर्गर नावाचा कारागीर होता. आपल्या पुस्तकात त्याचं नाव शोधून सापडत नाही. तेव्हाच्या गाडीत पुढचा अख्खा ॲक्सल मधल्या एका पिनवर फिरायचा. वळताना आतलं चाक बॉडीखाली जायचं, म्हणून पुढची चाकं लहान ठेवायची नाहीतर बॉडी उंच करायची. त्यातून जोराचं वळण घेतलं की चार चाकांचा चौकोन आवळून जवळजवळ त्रिकोण व्हायचा आणि गाडी उलटायची. लांकेनश्पेर्गरने ॲक्सल जागेवर ठेवला आणि टोकाला प्रत्येक चाकाला त्याची वेगळी पिन दिली. दोन्ही चाकं दांड्याने जोडली. इंग्लंडमध्ये पेटंट घ्यायला कोणीतरी तिथला माणूस हवा, म्हणून ॲकरमन त्याचा एजंट झाला. १८१८ मध्ये पेटंट मिळालं ते ॲकरमनच्या नावावर. झालं! तेव्हापासून आजतागायत नाव त्याचंच.

ह्यात चोरी होती का? मला नाही वाटत. एजंटने आपल्या नावावर पेटंट घेणं तेव्हा चालायचं. पण पुढच्याच वर्षी त्याने ह्या ॲक्सलची जाहिरात करणारी पुस्तिका काढली, तिच्या टायटलमध्ये ॲकरमनचंच नाव आहे, हे मात्र थोडं खटकतं. गंमत म्हणजे खुद्द लांकेनश्पेर्गरही पहिला नव्हता. चार्ल्स डार्विनचा आजोबा डॉक्टर इरॅस्मस डार्विन ह्याने १७५९ च्या आसपास अशीच युक्ती केली होती. पेशंट बघायला खराब रस्त्यांवरून रोज हिंडणारा माणूस, त्याला गरजच होती. त्याने पेटंट घेतलं नाही.

पेटंट मिळालं तरी इंग्लंडच्या गाडीवाल्यांमध्ये हा माल फारसा खपला नाही. जुन्या पद्धतीत एकच दणकट पिन. नव्यात प्रत्येक चाकाला पिन, शिवाय दांड्याच्या प्रत्येक टोकाला सांधा. जितके सांधे, तितक्या ढिल्या व्हायच्या जागा.

हे मला पुस्तकातून नाही, वर्कशॉपमधल्या जुन्या गाडीमुळे कळलं. तिचं स्टिअरिंग बरंच फिरवलं तरी चाक हलायचं नाही. सरांनी मला सीटवर बसवून स्टिअरिंग थोडं थोडं डावीउजवीकडे हलवायला सांगितलं आणि बाकीचे खाली वाकून एकेक सांधा बघत बसले. कुठला सांधा आधी नुसताच हलतो आणि पुढचा दांडा हलत नाही, तो दोषी. मग जॅक लावून चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवलं. तिथे खडखड असेल तर टाय रॉड एंड बघायचा. बारा आणि सहाला असेल तर किंग पिन, बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. आम्ही आधी स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रूच आवळायला निघालो होतो, त्यावर सर चिडले. सांधे तपासल्याशिवाय तो आवळला तर दोष तसाच राहतो आणि स्टिअरिंग मध्येच जड होतं. शेवटी टाय रॉड एंड बदलला आणि टो-इन परत सेट केलं.

ॲकरमनला ह्याची कटकट झाली नाही. १८३० मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला, धंद्यातून बाजूला व्हावं लागलं आणि ३० मार्च १८३४ ला तो फिंचलीला वारला. त्याला पुरलं ते स्ट्रँडवरच्याच सेंट क्लेमेंट डेन्स चर्चमध्ये, म्हणजे दुकानाच्याच रस्त्यावर. कार्ल बेन्झची १८८६ ची मोटार तीन चाकांची होती, कारण पुढच्या दोन चाकांचं स्टिअरिंग त्याला जमत नव्हतं. १८९३ च्या त्याच्या चारचाकीत प्रत्येक चाक वेगळ्या पिनवर वळत होतं.

व्हायवाला लांकेनश्पेर्गरचं नाव सांगायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी सांगणार आहे, स्पेलिंग पाठ केलंय.