मंगळावरील स्वारी आणि खोलींतील नगरें

मंगळावरील प्राणी तीन पायांच्या प्रचंड यंत्रांत बसून इंग्लंडावर चाल करून आले आणि त्यांनीं उष्णतेच्या किरणानें गांवेंच्या गांवें जाळून टाकिलीं, अशी एक अद्भुत कथा १८९८ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली. तिचे कर्ते हर्बर्ट जॉर्ज वेल्स यांचें नांव आमच्या वाचकांपैकीं अनेकांनीं ऐकिलें असेल. परंतु हेच गृहस्थ आपल्या दोन लहान मुलांबरोबर जमिनीवर बसून लांकडी विटांचीं नगरें बांधीत असत, हें थोड्यांसच ठाऊक असतें. त्यांच्या चरित्राचा हाच भाग आम्ही येथें विशेषेंकरून सांगणार आहों.

वेल्स यांचा जन्म केंट परगण्यांतील ब्रॉम्ले येथें ता. २१ सप्टेंबर १८६६ रोजीं झाला. वडिलांचें चिनी मातीच्या भांड्यांचें व क्रिकेटच्या सामानाचें दुकान होतें. ते स्वतः नामांकित गोलंदाज होते. १८६२ सालीं ससेक्सविरुद्ध खेळतांना त्यांनीं लागोपाठच्या चार चेंडूंवर चार गडी बाद केले होते. तथापि या कीर्तीनें घरचें दारिद्र्य हटलें नाहीं. हर्बर्ट सात वर्षांचा असतां त्याचा पाय मोडला व त्यास बरेच दिवस अंथरुणावर पडून राहावें लागलें. त्या दिवसांत वडिलांनीं आणून दिलेलीं पुस्तकें वाचून त्यास वाचनाची जी गोडी लागली, ती जन्मभर टिकली.

१८७७ सालीं वडिलांची मांडी मोडली व क्रिकेटची मिळकत बंद पडली. आईनें एका श्रीमंताच्या वाड्यांत कारभारणीची नोकरी धरिली, आणि मुलगा कापडाच्या दुकानांत उमेदवार म्हणून राहिला. त्या कामाचा त्यास मनापासून तिटकारा आला. अखेर १८८३ सालीं तें सोडून तो मिडहर्स्टच्या शाळेंत विद्यार्थी-शिक्षक झाला. तेथील अभ्यासाच्या बळावर त्यास सरकारी शिष्यवृत्ति मिळाली, व १८८४ सालीं लंडन येथें प्रख्यात प्राणिशास्त्रज्ञ हक्स्ले यांच्या हाताखालीं शिकण्याचें भाग्य लाभलें. पुढें १८९० सालीं लंडन विश्वविद्यालयाची बी. एस्सी. पदवी घेऊन कांहीं काळ त्यांनीं शिक्षकाचा पेशा पत्करिला.

१८९५ सालीं ‘टाइम मशीन’ ही कादंबरी निघाली आणि वेल्स यांचें नांव सर्वत्र झालें. मंगळाची कथा लिहीत असतां ते वोकिंग या गांवीं राहात होते. सायकलवर बसून ते आसपासचे रस्ते हिंडत, आणि कोणतें घर पाडावें, कोणता पूल मोडावा, हें ध्यानांत ठेवीत. खऱ्या भूमीचा असा बारीक नकाशा मनांत असल्यामुळेंच कल्पनेंतील संहार वाचकांस खरा वाटला.

पुढें सँडगेट येथें समुद्राजवळ त्यांनीं घर बांधिलें. १९०१ व १९०३ सालीं त्यांस दोन पुत्र झाले. या मुलांबरोबर खेळलेल्या खेळांवर त्यांनीं १९११ सालीं ‘फ्लोअर गेम्स’ हें लहानसें पुस्तक लिहिलें. त्यांत साहित्य चार प्रकारचें सांगितलें आहे: शिपाई, लांकडी विटा, फळ्या, आणि रुळांसह आगगाडी. खोलीची जमीन सपाट असावी, तिच्यावर खडूनें खुणा करितां याव्यात आणि तेथून घरच्यांची येजा नसावी, अशी त्यांची अट. मग कधीं फळ्यांचीं बेटें व जमिनीचा समुद्र होई. कधीं दोघे भाऊ दोन नगरांचे नगराध्यक्ष होत. बाजारांत शिपाईच फार मिळतात, दुकानदार व साधे नागरिक मिळत नाहींत, अशी वेल्स यांची तक्रार होती. ती आम्हांस आजही विचार करण्याजोगी वाटते.

१९१३ सालीं ‘लिट्ल वॉर्स’ हें दुसरें पुस्तक निघालें. लांकडाची लहान गोळी उडविणारी खेळण्यांतली तोफ हें या लढाईचें मूळ. पायदळ एका चालींत एक फूट व घोडदळ दोन फूट जाई. परंतु अर्धा आनंद रणभूमि रचण्यांतच असे. फळ्यांस भोंकें पाडून त्यांत डहाळ्या रोवल्या कीं रान झालें; खडूची रेघ ओढली कीं नदी झाली; घरें हातानें तयार करीत. यांतील एक नियम आम्हांस फारच आवडतो. एका खेळाडूनें सर्व प्रदेश मांडावा, आणि कोणत्या बाजूनें लढावयाचें हें दुसऱ्यानें निवडावें! अर्थात् मांडणाऱ्यानें एकीकडे सोयीची टेकडी व दुसरीकडे उघडें माळरान ठेविलें, तर तें माळरान त्याच्याच वांट्यास यावयाचें. न्यायानें वागण्याचा असा धडा पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांपडेल.

पुस्तकाच्या शेवटीं वेल्स यांनीं स्पष्ट सांगितलें कीं, ज्यांस युद्धाची हौस आहे त्यांनीं ती या खेळावर भागवावी. खऱ्या युद्धांत मोडलेलीं घरें व माणसें पेटींत भरून ठेवितां येत नाहींत. दुर्दैवानें दुसऱ्याच वर्षीं, १९१४ सालीं, महायुद्ध पेटलें. हें युद्ध युद्धांचा शेवट करील अशी त्यांनीं आशा बाळगिली. ती फोल ठरली. त्याच वर्षींच्या एका कादंबरीत त्यांनीं अणुबाँबचें भाकित केलें होतें, आणि १९४५ सालीं हिरोशिमाचा नाश झाल्याचें ऐकण्याची पाळी त्यांच्यावर आली. ता. १३ ऑगस्ट १९४६ रोजीं लंडन येथें त्यांचें देहावसान झालें.

त्यांचा खेळ मात्र जिवंत राहिला. मार्गारेट लोवेनफेल्ड या डॉक्टरबाईंनीं ‘फ्लोअर गेम्स’ची आठवण ठेवून दुःखी मुलांपुढें वाळूचें तबक व खेळणीं ठेविलीं, जें मुलांस बोलतां येत नसे, तें तीं मांडून दाखवूं लागलीं. १९८७ सालीं ब्रिटनमध्यें ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा दूरच्या भविष्यकाळांतील युद्धाचा खेळ निघाला. त्याचे खेळाडू पुठ्ठा, प्लॅस्टिक व फोम जोडून टेबलावर परग्रहावरील भग्न नगरें उभारितात. आधीं काळसर रंग देतात. तो वाळल्यावर कुंचल्यांतील रंग पुसून, जवळजवळ कोऱ्या कुंचल्यानें उंचवट्यांवर फिकट रंग फिरवितात. मग फुटक्या भिंतीची वीट न् वीट उठून दिसते. वेल्स यांच्या मंगळकथेचा व खोलींतील खेळाचा असा एका टेबलावर संगम झाला आहे.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, सुटींत मुलांस घरांतील एक कोपरा, थोडा पुठ्ठा, खळ व रंग द्यावेत, आणि सवड काढून स्वतःही त्यांच्याजवळ जमिनीवर बसावें. विद्यार्थ्यांनींही वेल्स यांचा नियम विसरूं नये: तुमच्या प्रतिपक्ष्यानें कोणतीही बाजू निवडली तरी तुम्हांस खंत वाटणार नाहीं, असाच प्रदेश मांडावा.