बॅरिस्टर बाबासाहेब आणि न्यायाची साखळी

भीमजयंती आली की आम्ही बाबासाहेबांना घटनाकार म्हणून वंदन करतो. पण कोर्टात अशिलासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर बाबासाहेब आमच्या लक्षात राहत नाहीत. पोलीस, मॅजिस्ट्रेट, कोर्ट ही साखळी कुठे तुटते, हे त्यांनी पुस्तकात नव्हे, अनुभवातून ओळखले होते.

१९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन परतल्यावर त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. अस्पृश्य वकिलाला काम द्यायला सवर्ण सॉलिसिटर तयार नव्हते. गोरगरिबांच्या खटल्यांवरच त्यांची वकिली उभी राहिली.

२० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेऊन परतणाऱ्या आमच्या माणसांवर महाडच्या सनातन्यांनी लाठ्या चालवल्या. संतापलेल्या अनुयायांना बाबासाहेबांनी आवरले आणि कायद्याची वाट धरली. पुढे हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिने सक्तमजुरी झाली. वरचे अधिकारी सवर्ण हिंदू नव्हते म्हणूनच हे घडले, हे सांगायला बाबासाहेब कचरले नाहीत. त्याच तळ्याचा दिवाणी दावा मात्र दहा वर्षे चालला. हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला.

म्हणून १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी अस्पृश्यांना पोलीस भरतीत प्रवेश मागितला. इंग्रजी अमलात पोलिसांवर हुकूमत चालवणारा कलेक्टरच मॅजिस्ट्रेटही असे. ही गाठ सोडवण्यासाठी न्यायखाते कारभारापासून वेगळे करण्याची दुरुस्ती त्यांनी १९४८ मध्ये घटना समितीत मांडली. तेच आजचे कलम ५०. अटकेतल्या माणसाला चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करण्याची सक्ती कलम २२ मध्ये आली. खाती वेगळी, पण एकाने दुसऱ्याला जाब द्यायचा, असा तो हिशेब होता.

तरीही १९५१ मध्ये मंत्रिपद सोडताना अनुसूचित जातींची उपेक्षा आणि त्यांच्यावरचे जुलूम ही कारणे त्यांना सांगावी लागली. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले. साखळी तुटकीच राहिली.

२९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. तपास पोलिसांकडून सीबीआयकडे गेला. २००८ मध्ये भंडारा कोर्टाने आठ जणांना दोषी ठरवले, पण ॲट्रॉसिटीची कलमे टिकली नाहीत. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने सहा जणांची फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची जन्मठेप दिली. हत्येमागे जात होती, हे तिथेही मानले गेले नाही. प्रत्येक खात्याने आपापली फाईल पुढे सरकवली, पण गुन्ह्यातली जात वाटेतच गळाली!

बांधवांनो, फिर्याद नोंदली की आमचे काम संपले असे समजू नका. ॲट्रॉसिटीचा तपास डीवायएसपी करतो की नाही, साठ दिवसांत दोषारोपपत्र जाते की नाही, सरकारी वकील साक्षीदारांना भेटतो की नाही, हे निकालापर्यंत पाहिले पाहिजे. कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला याच कायद्याच्या कलम ४ खाली शिक्षा आहे. ते कलम वापरायला शिकणे, हेच बॅरिस्टर बाबासाहेबांना खरे अभिवादन.

जयभीम!