आगरकरांचा हॅम्लेट

गोपाळ गणेश आगरकर म्हटले की डोळ्यांसमोर उभा राहतो तो ‘सुधारक’चा निर्भीड संपादक, बालविवाह, केशवपन आणि अंधश्रद्धेवर प्रहार करणारा बुद्धिवादी. हयातीतच ज्याची प्रेतयात्रा पुण्याच्या सनातन्यांनी काढली, तो सुधारक. या प्रखर प्रतिमेमागे त्यांच्यातील शिक्षक काहीसा झाकला गेला आहे. त्यांनी केलेले शेक्सपीयरच्या हॅम्लेटचे भाषांतर तर चरित्रांतून बहुधा एका ओळीतच आटोपते. वास्तविक आगरकरांची पहिली निष्ठा शाळेच्या फळ्याशी होती, आणि एक परदेशी नाटक कुमारवयीन मुलांच्या हाती देताना त्यामागचा इतिहास किती उपयोगी पडतो, हे समजून घेण्यासाठी त्यांच्या आयुष्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी झाला. विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा झाला तो त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात, हा योगायोग पुढच्या त्यांच्या आयुष्याकडे पाहता लक्षात राहण्यासारखा आहे. घरची अत्यंत गरिबी. शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण त्यांच्या वाट्याला आली. अकोल्याच्या हायस्कुलात विष्णु मोरेश्वर महाजनी त्यांना गुरू म्हणून लाभले. हे महाजनी स्वतः शेक्सपीयरचे भाषांतरकार. सिंबेलीन या नाटकावरून त्यांनी रचलेले ‘तारा’ १८७९ साली प्रसिद्ध झाले. १८७५ मध्ये मॅट्रिक होऊन आगरकर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. इतिहास आणि तत्त्वज्ञान हे त्यांच्या आवडीचे विषय होते.

त्या काळात शेक्सपीयर मराठी वाचकाला अगदीच अनोळखी नव्हता. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये ऑथेल्लोचे, तर नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८७५ मध्ये टेंपेस्टचे भाषांतर प्रसिद्ध केले होते. तथापि विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा नाटककार प्रामुख्याने परीक्षेचा विषय होता. इंग्रजी ही परकी भाषा, त्यातही ही भाषा तीनशे वर्षांपूर्वीची. अशा वेळी कठीण शब्दांचे अर्थ पाठ करणे एवढाच मार्ग विद्यार्थ्यापुढे उरतो. नाटकातला राजा असा का वागतो, राणीचा अपराध नेमका कोणता, भुताच्या शब्दावर विश्वास का ठेवायचा, हे प्रश्न मग मनात उमटतच नाहीत.

एम. ए. झालेल्या माणसाला त्या काळी मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सहज मिळत असे. आगरकरांनी ती वाट नाकारली. आपल्याकडून धनाची अपेक्षा ठेवू नये, असे त्यांनी आईला कळविले आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर व बाळ गंगाधर टिळक यांनी १८८० मध्ये सुरू केलेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते शिक्षक झाले. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ निघाला, तेव्हा त्याचे पहिले संपादकही तेच होते. दिवसा शाळा आणि रात्री छापखाना, असा तो दिनक्रम होता.

याच सुमारास कोल्हापूर प्रकरण उद्भवले. दत्तक घेऊन गादीवर बसविलेले चौथे शिवाजी महाराज तेव्हा अवघे विशीच्या आतले होते. त्यांना वेड लागल्याचे जाहीर करण्यात आले होते. कारभार दिवाण माधवराव बर्वे यांच्या हाती होता आणि महाराजांचा छळ होत असल्याच्या वार्ता पुण्यापर्यंत पोहोचत होत्या. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. मात्र ज्या पत्रांचा आधार घेण्यात आला, ती बनावट ठरली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि जुलै १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. त्यांपैकी १०१ दिवस दोघांनी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात काढले. ज्यांच्यासाठी हे सारे घडले, ते तरुण महाराज पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, अहमदनगर येथे नजरकैदेत असताना मृत्यू पावले.

डोंगरीच्या कोठडीत आगरकरांनी जे काम हाती घेतले, ते हॅम्लेटच्या भाषांतराचे होते. ‘विकारविलसित’ या नावाने ते १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. राजवाड्यातील कारस्थान, सत्तेपासून दूर ठेवलेला तरुण राजपुत्र, त्याच्या वेडाविषयी चाललेली कुजबुज आणि खरे काय ते सिद्ध करण्याची अशक्यप्राय धडपड, हे या नाटकाचे सूत्र. कोल्हापूरची हकीकत आणि एल्सिनोरची कथा एक नव्हे. पण राजवाड्याच्या भिंतींआड काय शिजते हे जगासमोर मांडू पाहणाऱ्याला कोणती किंमत मोजावी लागते, याचा अनुभव भाषांतरकाराने त्याच वर्षी घेतला होता. शिवाय बनावट पत्रांनी फसलेल्या संपादकाला पुराव्याचे मोल निराळे सांगण्याची गरज नव्हती. हॅम्लेटही भुताच्या शब्दावर विसंबत नाही. नाटक्यांकरवी प्रयोग लावून तो राजाची परीक्षा पाहतो.

हे नाटक लिहिले गेले ते १६०० च्या आसपास, एलिझाबेथ राणीच्या अखेरच्या वर्षांत. तो काळ ठाऊक असला की नाटकातील अनेक गाठी सुटतात. राजाचा वयात आलेला मुलगा असताना गादी चुलत्याला कशी मिळाली? तर डेन्मार्कचे सिंहासन तेव्हा केवळ वारसाहक्काने मिळत नसे. राजाची निवड होत असे. भुताविषयी हॅम्लेट एवढा साशंक का? मृतात्मे पापक्षालनासाठी काही काळ यातना भोगतात, ही जुन्या ख्रिस्ती पंथाची श्रद्धा एलिझाबेथच्या राज्यातील अधिकृत चर्चने नाकारली होती. त्यातच हॅम्लेट शिकला तो विटेनबर्गला, म्हणजे १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने जेथून धर्मसुधारणेचा झगडा सुरू केला त्या नगरात. जुनी श्रद्धा आणि नवी विद्या यांच्या कात्रीत सापडलेला हा विद्यार्थी एकोणिसाव्या शतकातील पुण्याच्या मुलांना परका वाटण्याचे कारण नव्हते. घरी श्राद्ध-पक्ष आणि शाळेत पाश्चात्त्य तर्कशास्त्र, अशा दुहेरी जगात तीही वाढत होती.

सर्वांत नाजूक गाठ राणीच्या पुनर्विवाहाची. हॅम्लेटचा संताप आईने दुसरे लग्न केले म्हणून आहे, की नवऱ्याच्या मृत्यूनंतर इतक्या घाईने आणि दिराशीच केले म्हणून? इंग्लंडच्या इतिहासात या प्रश्नाला राजकीय धार होती. आठव्या हेन्रीने थोरल्या भावाच्या विधवेशी विवाह केला आणि पुढे तोच विवाह शास्त्रविरुद्ध ठरवून १५३३ मध्ये रद्द करून घेतला. एलिझाबेथ राणीच्या जन्माची वैधता त्या निर्णयावर अवलंबून होती. हा इतिहास न सांगता नाटक शिकवले, तर महाराष्ट्रातील मुलाला त्यातून भलताच धडा मिळू शकत होता: विधवेने लग्न केले की घराचा सर्वनाश होतो. अनेक जातींत पाट लावण्याची चाल असली, तरी ब्राह्मण घरांत विधवाविवाह हे तेव्हा महापातक मानले जाई. विधवांच्या बाजूने आयुष्यभर लढलेल्या माणसाने नेमके हेच नाटक मराठीत आणावे, यात वरवर विसंगती दिसते. इतिहास हाताशी असला की ती उरत नाही. पाप पुनर्विवाहात नाही. ते खुनात आणि कपटात आहे.

आगरकरांच्या पुढच्या आयुष्याने हेच दाखवून दिले. टिळकांशी मतभेद वाढल्यावर त्यांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू केला. १८९२ मध्ये ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पुढच्याच वर्षी त्यांचे सहकारी प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि पुण्यात गहजब उडाला. आगरकर या बाबतीत ठामपणे सुधारणेच्या पक्षात होते.

दरम्यान शेक्सपीयर वर्गातून रंगभूमीवर गेला होता. शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या ‘विकारविलसित’मध्ये गणपतराव जोशी चंद्रसेनाच्या, म्हणजे हॅम्लेटच्या भूमिकेने गाजले. फर्ग्युसनमधील प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर यांची ‘त्राटिका’ त्याच मंडळीने लोकप्रिय केली. बेळगावात शिक्षकी केलेल्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये ऑथेल्लोवरून ‘झुंझारराव’ लिहिले. मराठी रंगभूमीवरील शेक्सपीयर हा मोठ्या प्रमाणात शाळामास्तरांचा शेक्सपीयर आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

दम्याने जर्जर झालेले आगरकर १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी होण्याआधी निवर्तले. स्वतःच्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी बाजूला बांधून ठेवले होते.

मुंबई-पुण्यापासून अंबरनाथ-बदलापूरच्या कारखानदारी पट्ट्यापर्यंत आज इंग्रजी माध्यमाच्या शाळा पसरल्या आहेत. आयसीएसईच्या अभ्यासक्रमात तर नववी-दहावीच्या मुलांसमोर शेक्सपीयरचे अख्खे नाटक असते. भाषेची अडचण आता कमी झाली असेल. गाईडमधून उत्तरे पाठ करण्याची सवय मात्र तशीच आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला राजा, भूत आणि राणी यांच्यामागचा काळ समजावून दिला, तर तो नाटकाबरोबर स्वतःच्या घरातील रूढींकडेही डोळसपणे पाहू लागतो. ती डोळस नजर समाजाला यावी, म्हणूनच आगरकरांनी मोठ्या पगाराऐवजी शाळेचा फळा पत्करला होता.