बास्केटबॉलचे पहिले मास्तर

अमेरिकेत कॅन्सस नावाचे राज्य आहे. तेथील लॉरेन्स या गावी एक मोठे विद्यापीठ आहे. या विद्यापीठाचा बास्केटबॉलचा संघ अमेरिकेत फार नावाजलेला आहे. शंभराहून अधिक वर्षांत त्या संघाला मोजकेच प्रशिक्षक लाभले. त्यांची यादी पाहिली तर एक नवल दिसते. सर्वांनी जितके सामने गमावले त्यांहून जास्त जिंकले. अपवाद फक्त एकाचा. त्यांनी 55 सामने जिंकले आणि 60 गमावले. यादीत त्यांचे नाव पहिले आहे, आणि गंमत अशी की बास्केटबॉल हा खेळ त्यांनीच शोधून काढला होता. त्यांचे नाव डॉ. जेम्स नेस्मिथ.

जेम्स यांचा जन्म 6 नोव्हेंबर 1861 रोजी कॅनडात ऑल्मोंट या गावाजवळ झाला. आईवडील स्कॉटलंडहून आलेले होते. जेम्स नऊ वर्षांचे होते तेव्हा टायफॉइडच्या साथीत आईवडील दोघेही गेले. पुढे आजीने आणि मामाने त्यांना वाढवले. मामांचा स्वभाव कडक होता. शेतावर राबावे लागे. शाळेत जेम्सचे मन रमेना. त्यांनी शाळा सोडली आणि जंगलात लाकूडतोडीचे काम धरले. काही वर्षांनी मात्र त्यांना आपली चूक उमगली. ते परत शाळेत आले आणि आपल्याहून लहान मुलांच्या शेजारी बाकावर बसले. याला धीर लागतो.

पुढे माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठातून 1887 मध्ये ते पदवीधर झाले. नंतर त्यांनी धर्मशास्त्राचेही शिक्षण घेतले. घरच्यांना वाटत होते की त्यांनी पाद्री व्हावे. जेम्स यांना खेळांचे वेड होते. त्या काळी धर्माच्या अभ्यासकाने मैदानात धक्काबुक्की करणे चांगले समजत नसत. तरी ते खेळत राहिले. व्यासपीठावरून जे शिकवता येते ते मैदानावरूनही शिकवता येते, असे त्यांचे मत झाले. 1890 मध्ये ते अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी, वाय. एम. सी. ए. या संस्थेच्या प्रशिक्षण विद्यालयात दाखल झाले.

तेथील हिवाळा कडक असतो. बाहेर बर्फ असल्याने मुलांना व्यायामशाळेत कवायती कराव्या लागत. एका वर्गात अठरा तरुण होते. ते कवायतीला इतके कंटाळले की शिक्षक त्यांच्यापुढे हात टेकत. विभागाचे प्रमुख ल्यूथर ग्युलिक यांनी तो वर्ग नेस्मिथ यांच्याकडे सोपवला आणि बंद जागेत खेळता येईल असा नवा खेळ चौदा दिवसांत तयार करायला सांगितले.

नेस्मिथ यांनी आधी जुने खेळ आत आणून पाहिले. फुटबॉलमध्ये खिडक्यांच्या काचा धोक्यात आल्या आणि मुलांना दुखापती होऊ लागल्या. मग त्यांनी विचार केला. मुले एकमेकांना पाडतात का? चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवायचे असते म्हणून. तर मग चेंडू घेऊन पळायचेच नाही! आणि चेंडू जोराने मारतात का? गोल समोर असतो म्हणून. गोल डोक्याच्या वर नेला, तर चेंडू हळुवार, कमानीसारखा उंच फेकावा लागेल. येथे त्यांना लहानपणचा एक खेळ आठवला. मोठ्या खडकावर ठेवलेला दगड दुसऱ्या दगडाने पाडायचा. जोरात फेकणाऱ्याचा नेम चुके आणि दगड आणायला त्याला लांब पळावे लागे. हळू, उंच फेकणारा जिंके.

त्यांनी शिपायाकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पण पीच या फळांच्या दोन टोपल्या होत्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता. आजही जगात सगळीकडे कडी दहा फुटांवरच असते. मुंबईच्या नागपाड्यात हा खेळ खेळणारी मुले त्याच दहा फुटांकडे पाहून नेम धरतात. तेरा नियम लिहून भिंतीवर लावले गेले आणि 21 डिसेंबर 1891 रोजी नऊ विरुद्ध नऊ असा पहिला सामना झाला. त्यात एकच गोल झाला. पण कंटाळलेला तो वर्ग हा खेळ सोडायला तयार होईना.

नेस्मिथ यांनी खेळाचा मालकी हक्क घेतला नाही. ते पुढे शिकत राहिले, 1898 मध्ये डॉक्टर झाले आणि त्याच वर्षी कॅन्सस विद्यापीठात आले. त्यांची नेमणूक प्रार्थनागृहाचे प्रमुख आणि शारीरिक शिक्षणाचे शिक्षक म्हणून होती. संघ घडवण्यासाठी कोणी त्यांना बोलावले नव्हते. संघ त्यांनी हौसेने सुरू केला. 1899 च्या फेब्रुवारीत पहिला सामना झाला आणि संघ 16 विरुद्ध 5 असा हरला.

मुलांनो, त्या संघात खेळाडू कसे येत, हे ऐकून आज हसू येईल. कॉलेजात शिकायला आलेल्यांपैकी ज्याला आवड असेल तो येई. त्याला शोधायला कोणी जात नसे. उंची पाहून पैसे देण्याची पद्धत नव्हती. नेस्मिथ डावपेचही फारसे शिकवत नसत. कधी कधी तर आपल्याच संघाच्या सामन्यात ते पंच म्हणून शिटी घेऊन उभे राहत. तलवारबाजी आणि आरोग्य यांकडे त्यांचे जास्त लक्ष असे. आजचा कोणताही प्रशिक्षक असे वागला, तर वर्षभरात त्याची नोकरी जाईल.

त्यांचा एक विद्यार्थी होता फॉग ॲलन. त्याला दुसऱ्या एका कॉलेजाने प्रशिक्षक म्हणून बोलावले. असे सांगतात की नेस्मिथ यांना ही गोष्ट मजेची वाटली. बास्केटबॉल खेळायचा असतो, तो शिकवायचा कसला, असे त्यांनी ॲलनला समजावले. ॲलनने ऐकले नाही. 1907 मध्ये गुरूच्या जागी तोच कॅन्ससचा प्रशिक्षक झाला. मधली काही वर्षे सोडली तर तो 1956 पर्यंत त्या जागी राहिला आणि कॅन्सससाठी 590 सामने जिंकला. ॲलनच्या हाताखाली खेळलेले ॲडॉल्फ रप आणि डीन स्मिथ हे दोघेही पुढे थोर प्रशिक्षक झाले. प्रत्येकाने 870 हून अधिक सामने जिंकले. गुरू म्हणे शिकवता येत नाही, आणि शिष्यांनी शिकवण्याचाच धंदा उभा केला! मला वाटते, या एका बाबतीत शिष्य बरोबर होता.

पण हिशेब एवढ्यावर संपत नाही. 1933 मध्ये कॅन्ससला जॉन मॅकलेंडन नावाचा कृष्णवर्णीय तरुण आला. त्याला प्रशिक्षक व्हायचे होते. वडिलांच्या सांगण्यावरून तो सरळ नेस्मिथ यांच्यापुढे उभा राहिला आणि तुम्हीच माझे मार्गदर्शक, असे सांगून मोकळा झाला. नेस्मिथ तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. त्यांनी त्याला जवळ केले. मात्र विद्यापीठाच्या संघात काळ्या मुलांना घेत नसत. खेळ शोधणाऱ्याचा हा शिष्य त्या संघात एक दिवसही खेळू शकला नाही. पदवीसाठी पोहणे आवश्यक होते आणि तलावही गोऱ्यांसाठीच होता. मॅकलेंडन पाण्यात उतरला, तर तलावातले पाणीच सोडून देण्यात आले. तो मागे हटला नाही. नेस्मिथ त्याच्या पाठीशी राहिले आणि अखेर तलाव सर्वांना खुला झाला. 1936 मध्ये मॅकलेंडन पदवीधर झाला. त्याच्या पुढच्या शिक्षणासाठीही नेस्मिथ यांनी खटपट केली.

मॅकलेंडन वेगवान खेळाचा मोठा शिक्षक झाला. 1944 मध्ये एका रविवारी, दारे बंद करून, त्याच्या काळ्या मुलांचा संघ ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेच्या गोऱ्या संघाशी गुपचूप खेळला आणि 88 विरुद्ध 44 असा जिंकला. पुढे 1957 ते 1959 अशी सलग तीन वर्षे त्याच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

आता त्याच कॅन्ससचे दुसरे चित्र पाहा. 1955 मध्ये फिलाडेल्फियाचा विल्ट चेंबरलेन हा सात फुटांहून उंच कृष्णवर्णीय मुलगा शाळेतून बाहेर पडला. त्याच्यासाठी दोनशेहून अधिक कॉलेजे धडपडत होती. ॲलन स्वतः त्याच्या घरी जाऊन आईला भेटले आणि विल्ट कॅन्ससला आला. वीस वर्षांपूर्वी ज्या दारातून मॅकलेंडनला आत घेतले नव्हते, त्याच दारात आता विल्टसाठी पायघड्या होत्या. मात्र पहिल्या वर्षाच्या मुलांना तेव्हा मुख्य संघात खेळता येत नसे. 1956 मध्ये वयाच्या नियमाने ॲलन निवृत्त झाले. ज्याच्यासाठी इतकी धावपळ केली, तो त्यांच्या हाताखाली मुख्य संघात खेळलाच नाही.

त्यानंतर ही धावपळ वाढतच गेली. शाळकरी मुलांचे सामने पाहायला कॉलेजांचे लोक देशभर हिंडू लागले. नामांकित प्रशिक्षकांचे पगार कित्येक प्राध्यापकांच्या मिळून होणाऱ्या पगारांपेक्षा मोठे झाले. 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घेता येऊ लागले, आणि 2025 पासून कॉलेजांनाही त्यांना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. यात सगळे वाईट आहे असे नाही. पूर्वी स्टेडियम भरत आणि खेळाडूचा खिसा रिकामा राही, हेही न्यायाचे नव्हते.

हे सारे पाहायला नेस्मिथ नव्हते. त्यांनी 1936 चे बर्लिन ऑलिंपिक मात्र पाहिले. प्रशिक्षकांच्या संघटनेने वर्गणी जमवून त्यांना तेथे पाठवले. पहिल्या सामन्याचा चेंडू त्यांच्या हातून उडवला गेला. अंतिम सामना उघड्यावर, भर पावसात झाला. चिखलात चेंडू उसळेना. अमेरिकेने कॅनडाला 19 विरुद्ध 8 असे हरवले. एक त्यांची कर्मभूमी, दुसरी जन्मभूमी. पदके देताना म्हातारबाबांना काय वाटले असेल!

28 नोव्हेंबर 1939 रोजी लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या तेरा नियमांचे मूळ दोन कागद 2010 मध्ये लिलावात 43 लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकले गेले. ते आता कॅन्सस विद्यापीठातच ठेवलेले आहेत. जवळच बास्केटबॉलचे मोठे स्टेडियम आहे. त्या इमारतीला शिष्याचे, म्हणजे ॲलनचे नाव दिलेले आहे. आत ज्या लाकडी जमिनीवर खेळाडू धावतात, तिला नेस्मिथ यांचे नाव आहे.