दुसऱ्यांच्या संकटात उभे राहिलेले गुरू गोविंदसिंगजी



बाजाराला किंवा दवाखान्याच्या कामाला नांदेडला गेल्यावर सचखंड गुरुद्वारा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तेथील लंगरच्या पंगतीत काहीजण जेवलेही असतील. त्या पंगतीत कोणी जात विचारत नाही की धर्म विचारत नाही. ही रीत शिखांचे पहिले गुरू नानक यांच्यापासून चालत आली. दहावे गुरू गोविंदसिंगजी यांनी तिच्यासाठी फार मोठी किंमत मोजली. त्यांचा शेवट आपल्या नांदेडला झाला, म्हणून त्यांचे चरित्र आपण जाणून घेतले पाहिजे.

त्यांचा जन्म १६६६ साली पाटण्यास झाला. ते नऊ वर्षांचे असताना, १६७५ साली, काश्मीरचे पंडित त्यांचे वडील गुरू तेगबहादूर यांच्याकडे आले. औरंगजेबाच्या राजवटीत धर्म सोडण्यासाठी त्यांच्यावर जबरदस्ती होत होती. शीख जानवे घालत नाहीत. गुरू नानकांनी बालपणीच ते नाकारले होते, असे परंपरा सांगते. तरीही जानवे घालणाऱ्यांचा हक्क राखण्यासाठी गुरू तेगबहादूर दिल्लीला गेले आणि चांदणी चौकात त्यांचा शिरच्छेद झाला. त्यांच्या देहाजवळ जाण्याचीही लोकांना भीती वाटत होती. तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील भाई जैता यांनी त्यांचे शिर आनंदपूरला पोहोचवले. लखी शाह या बंजारा व्यापाऱ्याने धड आपल्या घरी नेले आणि घरच पेटवून देऊन अंत्यसंस्कार केले. बाल गोविंदांनी ते शिर हाती घेतले आणि भाई जैतांना पोटाशी धरले, असे सांगतात.

हा धडा ते विसरले नाहीत. १६९९ साली वैशाखीच्या दिवशी आनंदपूरला मोठा समुदाय जमला असता त्यांनी शिर देण्यास तयार असणाऱ्यांना पुढे बोलावले. पाचजण उठले. एक लाहोरचे खत्री, दुसरे हस्तिनापूरचे जाट, तिसरे जगन्नाथपुरीचे पाणी भरणारे, चौथे द्वारकेचे कापड छापणारे आणि पाचवे बीदरचे न्हावी, साहिब चंद. उदगीर, निलंगा हे आपले तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते. म्हणजे त्या पाचांपैकी एकजण आपल्याच मुलखातला होता! गुरूंनी पाचही जणांना लोखंडाच्या एकाच भांड्यातून अमृत दिले. मग स्वतः त्यांच्यापुढे हात जोडून त्यांच्याकडून ते घेतले. ज्या समाजात एका विहिरीवर पाणी भरण्यालाही बंदी होती, तेथे गुरूने शिष्यांच्या हातून पिणे ही साधी गोष्ट नव्हती.

या मार्गात त्यांना सोबती अनेक समाजांतून मिळाले. १६८८ साली भंगाणीच्या लढाईत सढौऱ्याचे मुसलमान पीर बुद्धू शाह आपले मुलगे व अनुयायी घेऊन त्यांच्या मदतीला आले. तेथे पीरांनी आपले दोन मुलगे गमावले असे परंपरा सांगते. पुढे १७०४-०५ च्या सुमारास गुरूंचे दोन मोठे मुलगे चमकौरला लढताना मारले गेले. बीदरचे साहिबसिंगही तेथेच पडले. दोन लहान मुलांना सरहिंदच्या सुभेदाराने भिंतीत चिणण्याची शिक्षा दिली, तेव्हा मालेरकोटल्याच्या मुसलमान नवाबाने त्याला उघड विरोध केला. शत्रू मागावर असताना नबी खान व गनी खान या दोन पठाण भावांनी गुरूंना पीर म्हणून पालखीत बसवून वाचवले. ज्या बादशाहीने त्यांचा छळ केला, तिच्याच धर्माची ही माणसे होती. म्हणून गुरूंनी अन्यायाशी लढा दिला, पण एखाद्या धर्माच्या सगळ्या माणसांना शत्रू मानले नाही.

१७०८ साली ते नांदेडला आले. तेथे मारेकऱ्याने केलेल्या जखमेनंतर ७ ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी त्यांनी आपल्यामागे ग्रंथालाच गुरू मानण्यास सांगितले. त्या ग्रंथात चर्मकार रविदासांची, विणकर कबीरांची, मुसलमान संत शेख फरीद यांची आणि शिंपी समाजातील आपल्या नामदेवांचीही वाणी आहे. ज्यांना देवळाच्या दारात उभे राहू दिले जात नव्हते, त्यांच्या शब्दांपुढे आज लाखो माणसे मस्तक टेकतात.

बंधू-भगिनींनो, नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत आपला समाज लहान आहे. लहान समाजाला वाटते, आपले आपण सांभाळावे, दुसऱ्याच्या भानगडीत पडू नये. आपल्यावर वेळ आली की मात्र कोणीतरी धावून यावे असे आपल्याला वाटते. चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो, पण शेजारच्या तांड्यावर, वाड्यात किंवा मोहल्ल्यात अन्याय झाला तर आपण जातो का? आपल्यापैकी कोणाचे नाव त्यात नाही, म्हणून दार लावून घेतो का? गुरू तेगबहादूर यांच्याकडे आलेले लोक त्यांच्या पंथाचे नव्हते, आणि पालखी उचलणारे पठाण बंधूही नव्हते.

पुढच्या वेळी गुरुद्वाऱ्यासमोरून जाताना बीदरच्या त्या न्हाव्याची, लखी शाहच्या जळत्या घराची आणि पीर बुद्धू शाहांच्या मुलांची आठवण करू या. आणि त्या आठवड्यात आपल्या शेजारी कोण एकटे पडले आहे, हे पाहू या.